तीन भाषांतला भाऊ

शिवकांतानं घंटीचा लोळा चिमटीत घट्ट धरून ठेवला होता. घंटी वेळेआधी वाजली तर सिनेमाच्या मशीनवरचा बब्रुवान वेळेआधी भिंगापुढं हात धरणार, आणि वेळेवर वाजलीच नाही तर मग बोलायलाच नको. तिच्या तळहाताला घाम सुटला होता. गोदामाची दारं बंद, फटींत पोत्यांचे बोळे कोंबलेले, आणि समोरच्या अंधारात दीडशेएक बायका सरकीच्या पोत्यांवर मांडी ठोकून बसलेल्या.

पडद्यावर एक गोरी बाई मातीचं मुंडकं घडवत होती.

"कुंभारीण हाय का गं ही?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुंभारीण न्हाय," शिवकांता म्हणाली. "माणसांच्या मूर्ती करती. बसवायच्या. शोभेच्या."

'कलावंत' हा शब्द चुकूनही तोंडातून काढायचा नाही, असं तिच्या नवऱ्यानं पाटीवर लिहून दिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. नळदुर्गात कलावंतीण म्हटलं की बायका मूर्ती बघायला थांबत नाहीत.

खरं तर इथं उभं राहायचं ते तिच्या नवऱ्यानं, गुरुसिद्धप्पानं. महांतप्पाच्या फिरत्या सिनेमात तो सात वर्षं पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगत आला होता. बाहेरच्या इंजिनाच्या धडधडीत खेळातला आवाज तसाही कुणाच्या कानावर पडत नसे, आणि इंग्रजी खेळ असला तर पडला तरी काही उपयोग नसे. सांगणारा सांगेल तोच खेळ. गुरुसिद्धप्पा मराठीत सांगे, कानडीत सांगे, दखनीत सांगे, आणि तिन्हीत लोकांना हसवी. ज्येष्ठात त्याचा गळा बसला तो उठलाच नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. तेव्हापासून तो पाटी-पेन्सिल घेऊन हिंडत होता.

महांतप्पा माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. गुलबर्ग्याचा एक सांगणारा त्यानं बघून ठेवला होता, तो शनिवारी येणार होता. "बायांचा खेळ नीट पार पाड," तो शिवकांताला म्हणाला होता. "नागम्माअव्वा व्हय म्हणल्या तर त्याला येऊ नको म्हणून तार करतो. गळा बरा होईस्तोवर जागा तुझी." आणि न झाल्यास काय, हे त्याला सांगावं लागलं नाही. न झाल्यास सोनारी. सोनारीला दिरांच्या दारात, मुका नवरा आणि एक ट्रंक घेऊन.

नागम्मा म्हणजे शंकरप्पा अडत्यांची बायको. गोदाम त्यांचं. पावसाळ्यात तंबू ठोकता येत नाही, म्हणून सिनेमा या गोदामात आला होता, आणि तोही नागम्मानं मान हलवल्यावर. बांगड्या भरताना हात जरा जास्त वेळ धरतो म्हणून तिनं एका कासाराला कायमची गल्ली बंद केली होती, अशी तिची ख्याती. आत्ता ती सगळ्यांच्या पुढं, गोदामातल्या एकुलत्या एका खुर्चीवर ताठ बसली होती. अंधारात तिचं तोंड दिसत नव्हतं, हे शिवकांताला बरंही वाटत होतं आणि वाईटही.

एवढ्यात पडद्यावर त्या बाईच्या खोलीत दोन पुरुष आले. एक दाढीवाला, रंगांच्या नळ्या खिशात कोंबलेला, कोपरावर फाटका कोट घातलेला. दुसरा गुळगुळीत, थेट कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीपाशी जाऊन वाजवायला बसला. दोघंही घरच्यासारखे वागत होते. दाढीवाल्यानं तर न विचारता तिच्या ताटलीतला पाव उचलून खाल्ला.

"हे दोघं कोण गं बया?" धुरपदाबाईनं विचारलं. ही शेतावर राबणारी म्हातारी. तिचा आवाज दोन शेतं पलीकडं जाई.

इथंच खरी गोम होती. गुरुसिद्धप्पानं हा खेळ सोलापुरात बघितला होता. चित्रं काढणारा आणि पेटी वाजवणारा, दोघे जिवलग मित्र. दोघांचा त्या बाईवर जीव, बाईचा दोघांवर. एका खोलीत तिघं राहतात, भांडतात, फुटतात, आणि शेवटी एका होडीत बसून तिघंही निघून जातात. हे जसंच्या तसं सांगितलं तर नागम्मा खुर्चीवरून उठणार, हे सांगायला पाटी लागत नव्हती. हिंदी खेळाची रिळं पावसात सोलापूरलाच अडकली होती, त्यामुळे दुसरा खेळ लावायची सोय नव्हती. नवरा-बायको दोन दिवस डोकं धरून बसले आणि शेवटी त्यांनी एक तोड काढली.

"ह्यो पेटीवाला तिचा होणारा नवरा," शिवकांता म्हणाली. "आन् ह्यो चित्रं काढणारा तिचा भाऊ."

मग कानडीत: अण्णा. मग डाव्या अंगाला बुरखे मागं सारून बसलेल्या बायकांकडं वळून: भाईसाब. खोटं तीन भाषांत तीनदा बोलून झालं.

बायकांत एक समाधानाची कुजबुज पसरली. दिवस नागचतुर्थीचा होता. गोदामातल्या निम्म्याअधिक बायकांचा आज भावाचा उपास होता, बऱ्याचजणी पंचमीला माहेरी आलेल्या होत्या, आणि पोटात काही नसताना वेळ जावा म्हणूनच तर हा दुपारचा खेळ ठेवला होता.

"मग पंचमीला भावाकडं आली म्हणा की!" धुरपदाबाई ओरडली.

"व्हय, व्हय, तसंच," शिवकांता म्हणाली.

"भाऊ लई गरीब दिसतुया बिचारा. कोट फाटलाय."

"म्हणूनच तर ताटातलं खाल्लं."

बायका हसल्या. खुर्चीतली सावली किंचित पुढं झुकली. शिवकांताच्या जिवात जीव आला. तीन रिळं तिनं अशी काढली की दाराबाहेर ओट्यावर बसलेला गुरुसिद्धप्पा आतल्या हशाकडं कान लावून स्वतःशीच मान डोलवत असेल, हे तिला न बघता कळत होतं. भाऊ बहिणीसाठी मातीची टोपली उचलतो, भाऊ बहिणीचं चित्र काढतो, भाऊ पेटीवाल्याला दम देतो. एकदा भाऊ म्हटल्यावर सगळं आपोआप बसत गेलं. बसत नव्हती ती एकच जागा, सहाव्या रिळातली. तिथं भाऊ बहिणीला मिठीत घेऊन तिचं चुंबन घेत होता, आणि तेही चांगलं दहा आकडे मोजेपर्यंत.

तेवढ्यापुरता उपाय होता तो घंटीचा. गुरुसिद्धप्पानं खूण सांगून ठेवली होती: खुंटीवर छत्री दिसली की घंटी वाजव. घंटी वाजली की मशीन चालवणारा बब्रुवान भिंगापुढं पंजा धरणार, पडदा काळा होणार, आणि शिवकांता म्हणणार की दिवा विझला. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या घरच्यांना खेळ दाखवताना बब्रुवाननं हे काम कितीदा बिनबोभाट केलं होतं.

तिसरं रीळ संपलं. बब्रुवाननं दिवा लावला, डबा उघडला, नवं रीळ चढवलं, दिवा घालवला. चौथ्यात नदीकाठचं जेवण होतं, घाबरण्यासारखं काही नाही. शिवकांतानं लोळा सोडून हात पदराला पुसला.

पडद्यावर नदी आली नाही. खोली आली. मेणबत्ती, खिडकीवर पाऊस, आणि भिंतीला एक खुंटी. खुंटीवर छत्री.

ती बघत राहिली. हे चौथं रीळ आहे, तिनं मनाला सांगितलं. त्यांच्या देशात पाऊस फार पडत असेल, छत्र्या पुष्कळ असतील. दार उघडून ती बाई आत आली, तिनं डोक्यावरची टोपी काढली. दाढीवाला उठला. शिवकांताला वाटलं, आता वाजवली आणि काहीच झालं नाही तर उगाच चांगल्या खेळात काळोख. तेवढ्या वाटण्यात दाढीवाल्यानं बाईला जवळ ओढलं.

तिनं घंटी वाजवली. जोरात, पुन्हा पुन्हा वाजवली. चौथ्या रिळाला घंटी कशी, म्हणून बब्रुवान क्षणभर मशीनच्या अलीकडं येऊन बघत राहिला. मग एकदाचा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. झाकायचं ते सगळं सावकाश दिसून गेल्यावर पडद्यावर त्याची पाच बोटं पसरली.

बाहेर इंजिन तेवढं धडधडत होतं.

"शिव शिव शिव," कुणीतरी म्हणालं.

"उपासाच्या दिवशी!"

"सख्ख्या भावानं?"

बब्रुवाननं घाईघाईनं हात काढला, आणि पडद्यावर ती बाई दाढीवाल्याच्या छातीवर डोकं ठेवून उभी असलेली पुन्हा सगळ्यांना दिसली.

"ह्यो भाऊ न्हवं," शिवकांता म्हणाली. आवाज फाटला. "ह्यो दुसराच हाय. भावासारखा दिसणारा."

"कोपरावर फाटका कोट बी तसलाच?" धुरपदाबाईनं विचारलं.

मागच्या रांगेत एकदोघी फिस्कन हसल्या, पण ते हसू कुणी उचलून धरलं नाही. खुर्ची करकरली. शिवकांतानं डोळे मिटून घेतले. आता ती उठेल, दार उघडा म्हणेल, आणि दारातून ऊन आत येईल.

"पुढचं दाव," नागम्माचा आवाज आला. एवढंच. रागाचा म्हणावा तर रागाचा नाही, आणि बरा म्हणावा तर तसाही नाही.

पुढचं सगळं शिवकांतानं कसंबसं ओढून नेलं. तिनं दाढीवाल्याला भाऊ म्हटलं नाही आणि दुसरं काही म्हणायचीही तिला हिंमत झाली नाही. ती नुसतं 'ह्यो' म्हणत राहिली. सहाव्याच्या जागी चौथं आलं, आणि मघाचाच दाढीवाला नदीकाठी बसून मुकाट्यानं फळं सोलू लागला. त्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. खेळ संपला तशा बायका पदर सावरत, तिच्याकडं न बघता बाहेर पडल्या. नागम्मा केव्हा गेली ते तिला कळलंही नाही.

रिळांच्या डब्यांवरचे आकड्यांचे कागद लॉरीत पावसानं सुटले होते. बब्रुवाननं ते आपल्या अंदाजानं परत चिकटवले होते. "सहाचा आन् चाराचा डबा बघा, सारखाच दिसतोय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याला कुणी रागावलंही नाही.

पाच वाजता शंकरप्पांचा गडी आला आणि गोदामाला कुलूप घालून किल्ली घेऊन गेला.

"सकाळी तुला घरी बोलावलंय अव्वांनी," महांतप्पा म्हणाला. तो तिच्याकडं न बघता टोपी फिरवत होता. "तार लिहून खिशात ठेवली होती मी. राहिली."

गुरुसिद्धप्पानं पाटीवर लिहिलं: छत्री दिसली नाही?

"दिसली," शिवकांता म्हणाली.

त्यानं मनगटानं पाटी पुसून टाकली. त्या संध्याकाळी तिनं ट्रंकेतले कपडे काढून पुन्हा घडी करून ठेवले. सोनारीला मोठ्या जावेचं पहिलं वाक्य काय असेल तेसुद्धा तिला ठाऊक होतं.

सकाळी शंकरप्पांच्या घराकडं जाताना तिनं वाटेत तीन उत्तरं तयार केली. एक, रिळांची अदलाबदल झाली. दोन, गोऱ्या लोकांत भावाबहिणीतही तशी रीत असते. तीन, चूक झाली अव्वा, पदरात घ्या. तिन्ही तिनं तोंडातल्या तोंडात घोकली. पंचमीचा दिवस, घरोघर पोरीबाळी नटलेल्या, लिंबाला झोके बांधलेले. तिला कुणी हाक मारली नाही.

नागम्मा सोप्यात सूप घेऊन बसली होती. सुपात ज्वारीच्या लाह्या होत्या, आणि न फुटलेले दाणे ती एकेक वेचून बाजूला काढत होती.

"बस."

शिवकांता उंबऱ्याजवळ टेकली.

"काल चारचौघींत विचारलं न्हाय. आता विचारती." नागम्मानं मान वर केली नाही. "त्यो दाढीवाला तिचा भाऊ हाय का न्हाय?"

तिन्ही उत्तरं शिवकांताच्या डोक्यातून कुठल्या कुठं गेली.

"न्हाय, अव्वा," ती म्हणाली. "भाऊ न्हवता."

"मग?"

"त्याचा बी जीव व्हता तिच्यावर. दोघांचा बी. आन् तिचा बी दोघांवर."

नागम्मानं सूप एकदा हलवलं. आतून पोळपाटाचा आवाज येत होता, कुणीतरी सून हसत होती. शिवकांताला वाटलं, हे सूप आता बाजूला ठेवलं जाईल आणि मग आपलं काही खरं नाही.

"मग भाऊ का केलास त्याला?"

"काय करू, अव्वा? तसं सांगितलं नसतं तर त्याला तिच्या घरात कसं बसू दिलं असतं बायांनी? पहिल्याच रिळाला उठवलं असतं मला."

नागम्माचे हात थांबले.

"व्हय," ती म्हणाली. "तसंच करावं लागतं."

नागम्मानं कंबरेची किल्ली सोडली आणि सुपाच्या कडेला ठेवली.

"जेवणाआधी सगळ्या वारुळाला जातील. तवा मला एकटीला दाव. डबे नीट बघून लावायला सांग त्याला." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "आन् आज भाऊ करू नगंस."

दुपारी गोदाम रिकामं होतं. वारुळाकडून गाण्याचे तुकडे ऐकू येत होते. नागम्मा कालच्याच खुर्चीवर बसली. शिवकांता पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली तशी तिनं बोटानं जवळ बोलावलं.

"हितं बस. आन् कानडीत सांग. मशीनवाल्याला कानडी येत न्हाय न्हवं?"

"न्हाय येत."

मग शिवकांतानं तिच्या पायाशी बसून कानडीत सगळं सांगितलं, जसं होतं तसं. हे कशासाठी चाललंय ते तिला उमगत नव्हतं. म्हातारी खरं काढून घेऊन मग शिक्षा करणार असंही वाटत होतं. दोघे मित्र तिच्या दारात एकाच वेळी येऊन एकमेकांना वाट देतात तिथं नागम्मा हसली. छोटं, लगेच आवरलेलं हसू. ती हसते हे शिवकांतानं गावात कुणाकडून ऐकलं नव्हतं.

सहावं रीळ आलं. खुंटीवर छत्री दिसली. घंटी आज आणलीच नव्हती. शिवकांतानं मान खाली घातली आणि बोलायचं थांबवलं. बराच वेळ झाला तसं तिनं हळूच वर बघितलं. नागम्मा पडद्याकडं बघत होती, पापणी न हलवता. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायचं तिच्या ध्यानातही नव्हतं. शिवकांताला एकाएकी भीती वाटेनाशी झाली. तिला या बाईबद्दल फार वाईट वाटलं, आणि आपण कोण तिच्याबद्दल वाईट वाटून घेणाऱ्या, असंही वाटलं.

शेवटी होडी आली. बाई मधे, दोघे दोन्ही बाजूंना. होडी लांब गेली, इंग्रजी अक्षरं आली, पडदा पांढरा झाला.

"पुढं?" नागम्मानं विचारलं.

"पुढं न्हाय, अव्वा. हितंच संपतंय."

"लोकांनी राहू दिलं का तिला तसं?"

"ते दाखवलं न्हाय."

"दाखवतील कशाला," नागम्मा म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. उठल्यावर ती पुन्हा रोजची, उंच, ताठ नागम्मा झाली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "पावसाळा सरेस्तोवर गोदाम तुमचं. महांतप्पाला सांग, गुलबर्ग्याचा माणूस नगं. आमच्या बाया तुझ्याच तोंडून ऐकतील."

शिवकांतानं वाकून तिच्या पायाला हात लावला. डोळ्यांपुढची सोनारी गेली होती, आणि तरी तिला मोकळं रडता येत नव्हतं.

"जाती मी. पुरणाची दिंडं निवतील," नागम्मा म्हणाली. "बेंबळीहून भाऊ यायचाय जेवायला. दर पंचमीला येतो. चाळीस वर्षं झाली."

"सख्खे का, अव्वा?" शिवकांतानं विचारलं. बोलायचं म्हणून विचारलं.

नागम्मा दाराशी पोचली होती. तिनं चपलेत पाय घातले, एक दार ढकललं, आणि उन्हात डोळे बारीक करून क्षणभर बाहेर कुणी आहे का ते बघितलं.

"मी एकुलती," ती म्हणाली. "उद्या बायांना सांगशील तवा मातर भाऊच सांग."